अंगणातली पुळण

मागचं अंगण

काझिजाने घड उतरलेल्या केळीच्या बुंध्यावर कोयता घातला, तसे पाणी उडून तिच्या कोपरापर्यंत आले. बुंधा वाकला, पण पडला नाही. तिने पायाने रेटा दिला. केळ सावकाश, पाहुण्यांच्या दोन न्हाण्यांमधल्या ओल्या चरात आडवी झाली.

"हा जाडजूड आहे," कुंपणापलीकडून मिझे म्हणाली. "हा आपल्या उत्तरेच्या पोरांना दे. दक्षिणवाल्यांना कोवळे दे. फुसके."

"सगळ्यांना सारखे."

"भावालाही?"

काझिजाने कोयत्याचे पाते केळीच्या पानाला पुसले. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

आज म्काडिनी गावाचा वर्षाचा पहिला दिवस. थोड्या वेळाने गावाच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे पुरुष मैदानात उतरणार होते आणि केळीच्या दांड्यांनी एकमेकांना बडवणार होते, वर्षभराचे जे काय अंगात साठले असेल ते निघून जाईपर्यंत. मग बायका गाणार. पुरुषांना मारूनही जे सांगता येत नाही ते बायका गाऊन सांगतात. सूर्य मावळला की संपले. जुन्या वर्षातली तक्रार जो नव्या वर्षात उकरून काढेल त्याला गावात कोणी शेजारी बसवून घेत नाही. सांगायचे ते आज, नाहीतर गिळायचे.

काझिजाला सांगायचे होते.

"यंदा केळी नुसत्या माजल्यात," मिझे म्हणाली. "पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी चांगलं मानवतं त्यांना."

"यंदा आंघोळीला आलंय कोण?"

समुद्राकडे तोंड करून काझिजाची दोन पाहुणघरे होती. नवरा गेल्यावर तिने ती उभी केली. पडक्या भिंतींचे जुने दगड, वर विणलेली झापे, पावसाच्या पाण्याची टाकी, आंघोळीला बादली आणि करवंटीचे ओगराळे. थंड हवेचे यंत्र नाही, पोहायचा हौद नाही, अंधार पडल्यावर समुद्राच्या बाजूला दिवा नाही. लोक लांबून याच्याचसाठी यायचे आणि घरी जाऊन आणखी चौघांना सांगायचे. सणाला दोन्ही घरे भरलेली असायची. यंदा दोन्हींना कड्या होत्या. ज्यांनी यायचे ठरवले होते त्यांनी आधी विचारून घेतले, फोटोतली पुळण अजून तिथे आहे ना? काझिजाने खोटे लिहिले नाही. ते दुसरीकडे गेले.

मिझेने आवाज उतरवला. "माझ्याकडे शहरातनं तिघी मावसबहिणी आल्यात. एक घेऊन जा. मधली घे. घोरते, पण खाते कमी."

वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात पाहुणा जेवला नाही तर ते घर वर्षभर सुनेसुने राहते, असे म्काडिनीत सगळेच मानतात. त्यामुळे सकाळपासून गावात पाहुण्यांची उसनवारी चालली होती. कोणाकडे पाच, कोणाकडे एकही नाही. लोक कुंपणावरून पाहुणे वाटून घेत होते.

"पाहुणे ठेवणं हा माझा धंदा आहे, मिझे. मी उसना पाहुणा आणू?"

"मग काय करशील? खेकड्याला जेवायला बसवशील?"

"बसवीन. निदान पुळणीतला तरी आहे तो."

मिझे हसली. काझिजाही हसली असती, पण तेवढ्यात पोरांचा घोळका बुंध्यांचे दांडे न्यायला आला आणि तिला वळावे लागले, पुढे जायला, म्हणजे

पुढच्या अंगणात

जिथे पांढरी, बारीक वाळू पसरलेली होती. काझिजाने खराट्याने तिच्यावर रेघा ओढल्या. पाहुणे नसतानाही रोज ओढायची. पाहुणे असले की सकाळी अनवाणी बाहेर येत आणि पहिल्याच पावलाला थांबून खाली बघत. काहीजण तिथेच बसकण मारत. अशी मऊ वाळू पायाखाली असताना चपला कोण शोधेल?

अंगणाच्या कडेला, समुद्राच्या बाजूला, एक चपटा दगड होता. पुळणीवरून आलेल्या माणसाने त्या दगडावर उभे राहून, समुद्राकडे तोंड करून पाय झटकायचे आणि मग आत यायचे, हा या घराचा नियम. पाहुण्यांना वाटे, स्वच्छतेसाठी असेल. काझिजा सांगायची, समुद्राची वाळू समुद्राकडेच पडली पाहिजे. सिमाई, तिचा धाकटा भाऊ, पाहुण्यांसमोर तिची नक्कल करायचा. एक पाय हवेत धरून, डोळे मिटून, मंत्र पुटपुटल्यासारखा. "आमची ताई चिमटी-चिमटीनं समुद्र वाचवते," म्हणायचा.

दगडाच्या पलीकडे केवड्याची रांग. पूर्वी केवड्याच्या पायाशी पुळण सपाट सुरू व्हायची आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर जायची. आता केवड्याची मुळे हवेत लोंबत होती आणि खाली कमरेएवढा कडा तयार झाला होता. रांगेत मध्येच एक खिंडार. त्यातून चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या खाली उतरत होत्या. ओहोटी लागली की सिमाईचा ट्रक तिथून उतरायचा, भरायचा, कण्हत वर चढायचा आणि शहराच्या रस्त्याला लागायचा. तिकडे मजल्यावर मजले चढत होते.

मागच्या उधाणाला लाट धाकट्या पाहुणघराच्या उंबऱ्याला लागून गेली होती. काझिजाने पलंग आतल्या भिंतीशी ओढून घेतला होता. पुढच्या उधाणाला ओढायला भिंत उरणार नव्हती.

आई गेली तेव्हा सिमाई रांगत होता. त्याला कडेवर घेऊनच काझिजाने खडकावरची कालवे वेचली, चूल पेटवली, पुढे लग्न होऊन उत्तरेला आली तेव्हाही तो सोबत आला. आता त्याचे दक्षिणेला स्वतःचे घर होते, बायको होती, ट्रक होता. काझिजा त्याच्याशी वाळूवरून पहिल्यांदा बोलली ती एकांतात. तो म्हणाला, समुद्र आज देतो, उद्या पुन्हा देतो, तू उगाच घाबरतेस. दुसऱ्यांदा ती त्याच्या हमालांसमोर बोलली. त्याने इंजिन सुरू केले. गावच्या शेहाने, म्हणजे मुखियाने, त्याला दोनदा समज दिली होती आणि सिमाईने दोन्ही वेळा अदबीने मान हलवली होती. त्यानंतर भाऊ बहिणीच्या दारात तिच्यासमोर उभा राहिला नव्हता.

आज मिझे गाणार होती. मिझेची जीभ गावात सगळ्यांत धारदार. गाण्यात नाव घेतले की त्या माणसाने सगळ्यांसमोर ते ऐकून घ्यायचे आणि तसे वागायचे बंद करायचे, नाहीतर उत्तर द्यायचे. सिमाईकडे उत्तर नव्हते, याची काझिजाला खात्री होती.

तिने खराटा भिंतीला टेकवला, सणाचा नवा कांगा कमरेला गुंडाळला, त्याच्याच जोडीचा दुसरा डोक्यावरून घेतला आणि निघाली

मैदानाकडे

जिथे एव्हाना ओरडा सुरू झाला होता.

हा बकरीचा. हा माझ्या जाळ्यातला मासा काढलास त्याचा. हा लग्नाला बोलावलं नाहीस त्याचा. बोलावलं होतं. उशिरा बोलावलंस, हा उशिराचा. हा विहिरीचा. हा काही नाही, असाच. हा तुझ्या बापाचा, त्यानं माझ्या बापाला मारला होता तो राहिला होता. हा परत घे. हा सायकलचा, हा सायकलच्या घंटीचा.

केळीचे दांडे पाठीवर फुटत होते आणि पाणी उडत होते. मिझेचा नवरा आमे बायकोचा जुना झगा घालून आला होता. सिमाईने अंगात रेनकोट आणि डोक्यात मोटरसायकलचे हेल्मेट चढवले होते. त्याच्या अंगावर सगळ्यांत जास्त दांडे फुटले, कारण वर्षभरात त्याच्याशी सगळ्यांत जास्त जणांचे वाजले होते आणि मार खाताना तो सगळ्यांत जास्त हसत होता. आमेने त्याच्या खांद्यावर एक सणसणीत ठेवून दिला.

"हा पुळणीचा."

"लागलाच नाही," सिमाई हेल्मेटच्या आतून म्हणाला.

दांडे संपले तेव्हा सगळे चिखलाने माखले होते आणि एकमेकांना आधार देत उभे होते. म्हाताऱ्या वुआईंनी, ज्यांना सगळे आदराने म्झे म्हणत, मैदानाच्या मधली वाळल्या पानांची झोपडी पेटवली. धूर जिकडे जाईल तिकडून वर्ष येते. धूर उठला, घुटमळला आणि दक्षिणेच्या वाऱ्यालाही न जुमानता समुद्राकडे झुकला.

लोकांनी त्याचा हवा तो अर्थ काढला. काझिजानेही काढला.

तेच मैदान, आता बायकांचं

उत्तरेच्या बायका हातात हात गुंफून एका बाजूने फिरू लागल्या, दक्षिणेच्या दुसऱ्या बाजूने. पहिली काही गाणी हलकी होती. कोणाच्या नवऱ्याला भात करपलेलाच आवडतो, कोणाच्या मेव्हण्याचा दात सोन्याचा असूनही तो हसत का नाही. मग मिझेने काझिजाचा हात दाबला आणि आवाज वर नेला.

*सिमाई रे सिमाई, तुझा ट्रक किती खादाड,*
*पुळण खाल्ली, वाट खाल्ली, आता खातोय माड.*
*उद्या बायको हाक मारील, कुठे टाकशील अंग?*
*समुद्र येईल उशाला नि खेकडे झोपतील संग.*

मैदान हसले. दक्षिणेच्या बायकाही हसल्या. सिमाईने हेल्मेट काढून काखेत धरले होते. त्याचा चेहरा हसरा होता, पण हसू जिथे सुरू झाले तिथेच राहिले होते. उत्तरेच्या बायकांनी ओळी पुन्हा गायल्या, मग आणखी एकदा. काझिजा ताठ चालत होती. तिला वाटले, झाले. आता त्याने मान खाली घालायची, एवढेच.

त्याने मान खाली घातली नाही. त्याने समोर बघितले, दक्षिणेच्या रांगेकडे. तिथे त्याची बायको झुवेना पुढे आली होती. झुवेना कमी बोलायची. गाताना तर तिला कोणी ऐकलेच नव्हते. आवाज बारीक होता, पण मैदान गप्प झाल्यामुळे सगळीकडे पोचला.

*वाळूसाठी रडते बाई, डोळ्यांत भरलं पाणी,*
*अंगण तिचं शुभ्र शुभ्र, कुणी गं भरलं, राणी?*
*पाहुण्यांच्या पायांना म्हणे मऊ मऊ हवं,*
*जुनं कसं पुरेल बाई, दर सणाला नवं.*

आधी कोणी हसले नाही. मग कोणीतरी हसले आणि मग सगळ्यांना हसावेच लागले.

दर वर्षी सणाच्या आधी सिमाई काझिजाच्या अंगणात एक खेप पांढरी वाळू ओतून जायचा. बहिणीच्या सणाची भेट. भेटीला कोणी विचारत नाही, कुठून आणलीस म्हणून. यंदाही, एवढे वाजलेले असताना, ती बाजाराला गेली असता तो ओतून गेला होता. आणि तिने ती पसरली होती. रानातल्या खाणीतली वाळू तपकिरी असते, पांढरी फक्त पुळणीची, हे काझिजाला कळत होते. तिला डोळे होते. खराटाही तिच्याच हातात होता.

मिझेने तिच्या कानाशी तोंड नेले. "दे काहीतरी. ओळ दे, मी उचलते."

ओळीला ओळीने उत्तर द्यायचे असते. दिले नाही तर ते मान्य केले असे होते आणि मग दोन्ही तक्रारी एकमेकींना खाऊन टाकतात. सूर्य मावळला की ट्रकही राहतो आणि अंगणही.

काझिजाने मिझेच्या हातातून हात सोडवला, डोक्यावरचा कांगा सारखा केला आणि मैदानाबाहेर चालू लागली. मागे कोणीतरी म्हणाले, चालली रडायला.

वाट

घरी येऊन तिने कपडे धुवायचे घमेले घेतले, अंगणात बसली आणि सकाळी रेघा ओढलेली वाळू दोन्ही हातांनी आत ओढली. घमेले भरले. ते डोक्यावर घेऊन ती दगड ओलांडून केवड्यापर्यंत गेली. ओहोटी लागलेली होती, पाणी लांब होते. खिंडारापाशी तिचा पाय चाकोरीत गेला आणि ती अडखळली. तिथेच तिने घमेले उपडे केले. कोरडी वाळू चाकोरीच्या तळाशी पडून पसरली. फार दिसलीही नाही.

ती परत गेली.

किती फेऱ्या झाल्या कोणी मोजल्या नाहीत. अंगणात वाळूखालचा काळा, टोकदार दगड दिसू लागला होता तेव्हा मिझे धापा टाकत आली आणि भांडायलाच लागली. मला एकटीला मैदानात सोडून आलीस, ओळ सुचेना, सुचली ती वाईट सुचली, आणि त्या दक्षिणेच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने घमेले बघितले. चाकोरी बघितली. काझिजाच्या भुवयांवर चिकटलेली वाळू बघितली.

ती निघून गेली. काझिजाने तिच्याकडे बघितले नाही. खाली वाकून भरत राहिली.

थोड्या वेळाने शेजारी आणखी एक घमेले उपडे झाले.

"कोंबड्यांच्या खुराड्यातली आहे," मिझे म्हणाली. "मागच्या सणाला त्याच्याकडूनच घेतली होती. जरा घाण आहे."

"समुद्र धुऊन घेईल."

"माझ्या सासूच्या ओट्याखालीही आहे. आणि माझ्या जावेच्या. आणि बाई, उत्तरेत कुणाच्या दारात नाही ते सांग मला."

मग उत्तरेच्या बायका आल्या. आधी बघायला आल्या, नंतर टोपल्या घेऊन आल्या. सणाचे नवे कांगे नेसलेल्या, कानात जाईच्या कळ्या, आणि डोक्यावर वाळू. न्हाणीच्या पायरीची वाळू, पोरांच्या खेळायच्या कोपऱ्यातली, भिंतीला कमी पडेल म्हणून झाकून ठेवलेली. एकजण नको नको म्हणत होती, तिच्या नवऱ्याने आत्ताच गिलाव्यासाठी चाळून ठेवली होती. तरी आणली.

झुवेना दक्षिणेच्या बायकांसह केवड्याजवळ आली तेव्हा सगळ्या थांबल्या. चाकोऱ्यांमधली वाळू आता गुडघ्यापर्यंत आली होती. झुवेनाच्या डोक्यावर मोठी परात होती, जिच्यात ती लग्नकार्याला भात वाढायची. काठोकाठ भरलेली.

"वन्सं, जरा सरका," ती म्हणाली.

काझिजा सरकली. झुवेनाने परात उतरवली, उपडी केली आणि तळाला थाप मारून शेवटचा कणही पाडला.

"माझं गाणं खोटं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मग ठीक." तिने परात काखेला मारली. "माझ्या अंगणात याच्या दुप्पट आहे. गावातली सगळ्यांत चांगली वाळू माझ्याच दारात पडते. एकटीनं व्हायचं नाही."

काझिजाने घमेले उचलले आणि नणंद पुढे, भावजय मागे, अशा त्या दक्षिणेकडे निघाल्या. त्यांच्या मागे उत्तर आणि दक्षिण यांची एकच रांग झाली. कोणीतरी ओळ टाकली. कोणी ते नंतर कळलेच नाही, दोन्हीकडच्या बायका आपणच म्हणतात.

*ट्रकानं आणली दारात, डोक्यावरनं नेऊ,*
*समुद्रा रे, मोजू नको, पुन्हा पुन्हा येऊ.*

पुरुष केळीच्या पाण्याने चिकट झालेले अंग खाजवत वाटेच्या कडेला येऊन उभे राहिले. रांग येत होती आणि जात होती, जाताना जड आणि येताना हलकी, पण गाताना दोन्ही वेळा सारखीच. वुआई म्झे म्हणाले, घमेल्यांनी कधी पुळण भरते का? आमेने झगा वर खोचला आणि कोणीही न सांगता एका म्हातारीच्या डोक्यावरची टोपली आपल्या खांद्यावर घेतली. म्झेंनी थोडा वेळ बघितले. मग त्यांनीही काठी बाजूला ठेवली.

ऊन उतरले तेव्हा खिंडार भरले होते. खिंडाराच्या या कडेच्या केवड्यापासून त्या कडेच्या केवड्यापर्यंत मऊ, कोरडी, भुसभुशीत वाळू. सिमाई गर्दीतून पुढे आला. त्याने एक पाय त्या वाळूवर ठेवला आणि भार दिला. पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. कोणत्या वाळूत चाक धरते आणि कोणत्या वाळूत रुतते, हे म्काडिनीत त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. त्याने पाय बाहेर काढला आणि भोकाकडे बघत राहिला. वाळू आपसूक घरंगळली आणि भोक बुजले.

गाण्यात आता त्याचे नाव नव्हते.

झुवेनाने केवड्याची एक जाड फांदी कोयत्याने तोडली, काटे टाळत, आणि त्या वाळूच्या बरोबर मधोमध खोचली. केवडा कुठेही खोचला तरी धरतो. काझिजाने दुसरी आणली.

दगड

घरी आल्यावर काझिजाने अंगणाकडे बघितले आणि क्षणभर तिला दुसऱ्याच कोणाच्या घरी आल्यासारखे वाटले. काळा, खडबडीत दगड आणि मध्ये मध्ये हिरवट भेगा. चपलांशिवाय कोणाला चालता येणार नव्हते. येणाऱ्या पाहुण्यांना आता सांगावे लागेल, चपला घालून या.

तिने हातपाय धुतले. नारळाच्या दुधातली कालवे सकाळीच करून ठेवली होती, भात गरम केला. चटई अंथरली. ताटे दोन मांडली, कारण आजच्या दिवशी एक मांडत नाहीत. दुसरे ताट तिने जरा आपल्यापासून लांब ठेवले आणि त्याच्याकडे न बघता बसली.

शहराच्या रस्त्यावर, आंब्याखाली, कालच भरून ठेवलेला सिमाईचा ट्रक उभा होता. उद्याची खेप. त्याचे इंजिन सुरू झाल्याचे तिला ऐकू आले आणि तिचा हात वाटीवरच थांबला. ट्रक निघाला. पण आवाज लांब गेला नाही, जवळ आला. मागे घेताना करतो तसा खाकरत, थांबत, पुन्हा खाकरत, केवड्याच्या दिशेने. मग ट्रक थांबला आणि एक सळसळ सुरू झाली, लाट पुळणीवर चढते तशी, लांबलचक. फक्त ही लाट परत गेली नाही. चढतच राहिली आणि मग गप्प झाली.

काझिजा उठली नाही. तिने ताटावरचे झाकण काढले आणि पुन्हा ठेवले.

पावले आली ती केवड्याच्या बाजूने. दाराच्या चौकटीतून तिला दिसले, सिमाई अंगणाच्या कडेला उभा होता. हेल्मेट नव्हते, रेनकोट नव्हता. दांड्यांचे लाल वळ दंडांवर उमटले होते. त्याच्या मागे, रांगेपलीकडे, ट्रकचा फाळका उघडा लोंबत होता.

"खोली मिळेल का?" तो म्हणाला.

"तुला घर नाही?"

"घरात पाहुणे भरलेत. पाय ठेवायला जागा नाही." त्याने उघड्या दगडी अंगणाकडे बघितले. "माझंही अंगण असंच झालंय. झुवेना म्हणाली, तुमच्या ताईकडे रिकामी खोली आहे, तिकडे जा."

"इथं नियम आहेत."

"ऐकून आहे मी."

"बादलीचं पाणी. दिवा समुद्राकडे लावायचा नाही. मासा जो मिळेल तो."

"आणि?"

काझिजाने कडेच्या चपट्या दगडाकडे बघितले. सिमाईने चपला काढल्या, तो त्या दगडावर चढला आणि समुद्राकडे वळला. एक पाय उचलून झटकला. तोल गेला, त्याने हात पसरले, सावरला. दुसरा पाय झटकला. नक्कल नव्हती ती. मग तो खाली वाकला आणि दगडावर पडलेले कण त्याने तळहाताने लोटून केवड्याच्या बाजूला पाडले.

मागच्या कुंपणावरून मिझेचा आवाज आला.

"काझिजा, काय गं, आला का खेकडा जेवायला?"

काझिजाने दुसरे ताट आपल्या ताटाजवळ ओढून घेतले आणि भाताचा पहिला डाव त्यात वाढला.

"आला," ती म्हणाली. "पाय झटकतोय."